बोटांना कळते ते, पडद्यावर दिसते ते

इंग्लंडातल्या लीड्स शहरातून २००६ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि संधिवाताच्या डॉक्टरांमध्ये अस्वस्थता पसरली. रुमॅटॉइड संधिवाताचे १०७ रुग्ण त्यात होते. सगळ्यांची औषधे नियमित चालू होती आणि अनुभवी तज्ज्ञांनी तपासून त्यांचा रोग शांत झाल्याचा निर्वाळा दिलेला होता. संशोधकांनी त्यांच्या हातांचा एमआरआय काढला, सोनोग्राफी केली. ज्यांना काहीच दुखत नव्हते, ज्यांचे सांधे दाबून पाहिल्यावर निर्दोष वाटत होते, अशांपैकीही ९६ टक्के जणांच्या सांध्यांत एमआरआयला दाह दिसला. सोनोग्राफीत ७३ टक्के जणांचे अस्तर जाड झालेले निघाले आणि ४३ टक्के जणांच्या अस्तरात रक्ताचा वाढीव प्रवाहही आढळला. म्हणजे डॉक्टर ज्याला शांत म्हणत होते, तो रोग आत धुमसतच होता. यातून निघणारा निष्कर्ष उघड होता: हातावर विसंबू नका, यंत्राचे ऐका, आणि पडद्यावरचा दाह पूर्ण मावळेपर्यंत औषध वाढवत राहा. पुढच्या तेरा वर्षांत स्कॉटलंड, नॉर्वे आणि डेन्मार्क या तीन देशांत हा निष्कर्ष कसोटीला लावला गेला आणि तो उतरला नाही. लीड्सच्या पडद्यावर दिसले ते खोटे होते, असा याचा अर्थ मुळीच नाही. ते खरेच होते. पण दिसलेली प्रत्येक गोष्ट औषधाने पुसून काढलीच पाहिजे, हे गृहीत मात्र तपासल्याशिवाय धरले गेले होते. हा इतिहास नीट पाहिला तर प्रतिमेची किंमत ती किती सूक्ष्म पाहते यावर ठरत नाही, तिच्यामुळे रुग्णाच्या उपचारात कोणता निर्णय बदलतो आणि तो बदल त्याच्या हिताचा असतो का, यावर ठरते, असे माझे मत आहे.

या रोगाला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस हे नाव लंडनच्या आल्फ्रेड गॅरॉड यांनी १८५९ साली दिले. शरीराची संरक्षणयंत्रणाच उलटून सांध्याच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते. एरवी कागदासारखे पातळ असणारे हे अस्तर फुगते, त्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात, आणि जिथे हाडावर कूर्चेचे आवरण नसते त्या कडेपासून ते हाड कुरतडायला लागते. हाताच्या बोटांचे मुळाशी असलेले सांधे, मनगटे आणि पावलांचे पुढचे सांधे ही त्याची आवडती ठिकाणे. सकाळी उठल्यावर तास-तासभर बोटे वळत नाहीत, बरणीचे झाकण उघडत नाही, पोळी लाटता येत नाही. आतले हे अस्तर बाहेरून दिसत नसल्यामुळे दीडशे वर्षे डॉक्टरांसमोर एकच अडचण होती: दाह किती आहे हे मोजायचे कसे?

पहिले मोजमाप बोटांनीच झाले. ग्लासगोच्या डॉक्टरांनी १९६८ साली सांधे दाबून गुण देण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. रिची निर्देशांक या नावाने ती ओळखली जाते. तिचा नियम अगदी साधा होता. सांधा दाबल्यावर रुग्ण नुसता ‘दुखतंय’ म्हणाला तर एक गुण, दुखतंय म्हणताना चेहराही आक्रसला तर दोन, आणि अंग मागे ओढून घेतले तर तीन. पुढे दुखऱ्या सांध्यांबरोबर सुजलेल्या सांध्यांची मोजणी आली. सूज ओळखण्याचे कौशल्य तर शिकवूनच येते. दाब द्यायचा तो दाबणाऱ्याचे नख टोकाशी पांढरे पडेल इतकाच. एका हाताच्या चिमटीत सांधा वर-खाली धरायचा, दुसऱ्या हाताची चिमटी दोन्ही बाजूंना ठेवायची, आणि एकीकडे दाबल्यावर दुसरीकडच्या बोटांखाली काही सरकते का ते पाहायचे. हाडाची वाढ असेल तर हाताला टणक लागते. दाह असेल तर मळलेल्या कणकेसारखे मऊ. नेदरलँड्समधल्या नायमेगन इथे १९९० साली या मोजणीला रक्ततपासणी आणि रुग्णाचे स्वतःचे मत जोडून एक आकडा तयार झाला. १९९५ साली त्याचीच २८ सांध्यांपुरती सुटसुटीत आवृत्ती आली. तिचे नाव डॅस-२८, आणि जगभरच्या संधिवाताच्या दवाखान्यांत आजही तीच चालते. तिचे दोष पहिल्यापासून ठाऊक होते. दोन डॉक्टरांची बोटे एकाच सांध्याबद्दल वेगळे सांगू शकतात, जाडसर हातात सूज लपते, आणि पावलांचे सांधे तर या २८मध्ये धरलेलेच नाहीत.

यंत्राने दिलेली पहिली प्रतिमा मात्र दाहाची नव्हती, नासधुशीची होती. व्युर्त्सबुर्ग इथे रोंटगेन यांनी १८९५च्या डिसेंबरात आपल्या पत्नीच्या हाताचा क्ष-किरण फोटो घेतला, त्यात बोटांची हाडे आणि अंगठी दिसली. मांस जवळजवळ अदृश्य झाले. नेमके हेच या तंत्राचे सामर्थ्य आणि हीच त्याची मर्यादा. क्ष-किरण हाड दाखवतो, पण ज्या अस्तरात हा रोग राहतो ते त्याला दिसत नाही. हाड कुरतडले गेल्यावर, म्हणजे बहुधा कित्येक महिने उलटल्यावर, तो झालेल्या नुकसानीची नोंद करतो. पण नोंद मात्र चोख करतो. अमेरिकेच्या जॉन शार्प यांनी १९७१ साली हात आणि मनगटांतल्या प्रत्येक सांध्याला झिजेचे गुण देण्याची पद्धत मांडली. डेझिरे व्हान डेर हायडे यांनी १९८९ साली तिच्यात पावलांची भर घातली आणि मोजणी ० ते ४४८ या मापावर आणली: हाडातल्या खड्ड्यांसाठी २८०, सांध्यातले अंतर घटल्याबद्दल १६८. आजही कोणतेही नवे औषध संधिवातात हाडे वाचवते की नाही, हे शेवटी याच आकड्यांवर ठरते. चित्र साधेच असले तरी त्याच्यापुढे नेमका प्रश्न ठेवला तर ते किती उपयोगी पडते, हे या पद्धतीने दाखवून दिले. पुढच्या चकचकीत यंत्रांच्या काळात ही गोष्ट काहीशी विसरली गेली.

दाहच थेट पाहण्याचा एक जुना प्रयत्न इंग्लंडातल्या बाथ या गावी झाला. दाह म्हटला की उष्णता आली, म्हणून सांध्यावरच्या त्वचेतून निघणारी उष्णता कॅमेऱ्याने टिपून तिचा निर्देशांक काढण्याची पद्धत तिथल्या संशोधकांनी १९७४ साली मांडली. कल्पना सुंदर होती आणि औषधांचे परिणाम मोजायला काही वर्षे वापरलीही गेली. पण खोलीचे तापमान नेमके राखावे लागे, रुग्णाला आधी शांत बसवून ठेवावे लागे, आणि त्वचेची उष्णता म्हणजे आतल्या अस्तराची उष्णता नव्हे ही अडचण कायम राहिली. रोजच्या दवाखान्यात ते तंत्र रुजले नाही.

सोनोग्राफीचा प्रवेश बाजूच्या दाराने झाला. गुडघ्यामागे साठलेल्या द्रवाची गाठ आणि पिंढरीच्या शिरेतली रक्ताची गुठळी या दोन्हींत पाय सुजतो, दुखतो. उपचार मात्र अगदी वेगळे. १९७२ साली दोन अमेरिकी डॉक्टरांनी ध्वनिलहरींनी हा फरक ओळखता येतो हे दाखवले. १९७८पर्यंत गुडघ्याच्या अस्तराची जाडी सोनोग्राफीने पाहता येऊ लागली, १९८८ साली इटालियन डॉक्टरांनी संधिवाताच्या हातांवर ती वापरली. खरी उडी पडली १९९४ साली, पॉवर डॉप्लरमुळे. साधी सोनोग्राफी अस्तर जाड झाले आहे एवढेच सांगते. ते जुन्या व्रणासारखे निवांत आहे की आत रोग जागा आहे, हे तिला कळत नाही. पॉवर डॉप्लर अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्यांतला संथ प्रवाह पकडतो आणि काळ्या-करड्या चित्रावर केशरी ठिपके उमटतात. इथेही हाताचे कसब लागतेच. प्रोब जरा जोरात टेकला तर त्या इवल्या वाहिन्या दाबल्या जाऊन ठिपके नाहीसे होतात आणि पेटलेला सांधा पडद्यावर विझलेला दिसतो. म्हणून जेलचा जाड थर देऊन प्रोब त्यावर जवळजवळ तरंगता ठेवायला शिकवतात. लीड्सच्याच वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांनी २००० साली १०० रुग्णांच्या बोटांच्या मुळांशी असलेले सांधे तपासले तेव्हा एक्स-रेने ३२ खड्डे दाखवले, सोनोग्राफीने १२७. रोग नुकताच सुरू झालेल्यांत तर हा फरक साडेसहा पट होता. सोनोग्राफी तोपर्यंत क्ष-किरणतज्ज्ञांच्या खोलीत राहणारी गोष्ट होती. या आकड्यांनंतर संधिवाततज्ज्ञ स्वतःच प्रोब हातात धरायला शिकू लागले.

एमआरआयने याहून खोल नेले. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या फियोना मॅक्वीन आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली ४२ रुग्णांच्या मनगटांचा एमआरआय काढला. दुखणे सुरू होऊन जेमतेम चार महिने झालेले रुग्ण होते ते. ४५ टक्के जणांच्या हाडांत खड्डे सापडले. एक्स-रेने ते फक्त १५ टक्क्यांत दाखवले. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती एमआरआयने दाखवलेली दुसरी खूण, म्हणजे अस्थिमज्जेतली सूज. हाडाच्या आत, मज्जेच्या जागी पाण्यासारखा पांढरट भाग दिसतो. सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेत काढलेली हाडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तेव्हा कळले की ते नुसते पाणी नाही, तिथे दाहाच्या पेशी जमलेल्या असतात. ज्यांच्या मज्जेत अशी सूज होती त्यांच्या हाडांत पुढच्या काही वर्षांत खड्डे पडण्याची शक्यता कितीतरी जास्त ठरली. बोटांना हे कधीच कळले नसते. हाताच्या तपासणीची बाजू घेणाऱ्याने हे मोकळेपणाने मान्य करायला हवे.

हे सगळे एवढ्या जोमाने घडले त्याला औषधांच्या इतिहासाचाही आधार होता. अमेरिकेत मेथोट्रेक्सेटला संधिवातासाठी मान्यता मिळाली १९८८ साली, आणि १९९८-९९मध्ये एटानरसेप्ट आणि इन्फ्लिक्सिमॅब ही बायोलॉजिक औषधे बाजारात आली. त्याआधी दाह लवकर दिसला असता तरी करण्यासारखे फार नव्हते. आता दाह विझवता येत होता, मग तो जितका लवकर आणि जितका बारीक दिसेल तितके चांगले, असे वाटणे साहजिकच होते. मास्ट्रिख्टला १९९२ साली सुरू झालेल्या ओमेरॅक्ट या आंतरराष्ट्रीय गटाने एमआरआय वाचण्याची आणि गुण देण्याची एकसारखी रीत ठरवली, २००५ साली सोनोग्राफीतल्या खुणांच्या व्याख्याही ठरल्या. कोपनहेगनमधला ठिपका आणि टोकियोतला ठिपका यांना एकच अर्थ लागला. ही कामे कंटाळवाणी असतात आणि त्यांची नावे कुणी लक्षात ठेवत नाही, पण त्यांच्याशिवाय पुढच्या चाचण्या शक्यच नव्हत्या.

लीड्सच्या गटाने २००८ साली पुढचा टप्पा गाठला. शांत ठरवलेल्या १०२ रुग्णांना त्यांनी वर्षभर पाहिले. १९ टक्के जणांची हाडे त्या काळातही बिघडली, आणि ज्या सांध्यात सुरुवातीला पॉवर डॉप्लरचे ठिपके होते त्या सांध्यात बिघाडाची शक्यता इतरांच्या मानाने सुमारे बारा पट निघाली. यावरून यंत्राने दाखवलेला छुपा दाहच हाडे खातो आहे, तेव्हा तो विझवा, असे कुणालाही वाटेल. पण पुढे काय घडेल याचे भाकीत आणि आत्ता काय करावे याचा निर्णय या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ठिपका असलेल्या सांध्यात धोका जास्त, हे खरे. म्हणून ठिपका पाहून आजच औषध वाढवले तर रुग्णाचे भले होते, हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी रुग्णांचे दोन गट पाडून, एका गटाचे औषध प्रतिमा पाहून आणि दुसऱ्याचे हात लावून ठरवावे लागते. ही चाचणी कुणी घेतली? ज्यांची सोनोग्राफी आणि एमआरआयवर श्रद्धा होती त्यांनीच. त्या संशोधकांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

त्या चाचण्यांकडे वळण्याआधी ग्लासगोतला आणखी एक प्रयोग आठवावा लागेल. सांधे दाबून गुण देण्याची पद्धत जिथे निघाली त्याच शहरात, २००४ साली ‘टायकोरा’ या नावाने एक चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात ११० रुग्ण होते. एका गटाला नेहमीसारखे उपचार, दुसऱ्या गटातल्या प्रत्येकाला दर महिन्याला बोलवायचे, सांधे मोजायचे, आणि आकडा ठरलेल्या मर्यादेच्या वर असेल तर औषध वाढवायचेच, असा कडक नियम. औषधे जुनीच, स्वस्तातली. बायोलॉजिक एकही नाही. दीड वर्षाने नियमाच्या गटात ६५ टक्के रुग्णांचा रोग शांत झाला, दुसऱ्या गटात फक्त १६ टक्के. या फरकामागे नवे यंत्रही नव्हते, नवे औषधही नव्हते. तपासणी वेळेवर झाली आणि तिच्यानुसार कृती करणे बंधनकारक होते, एवढेच. संधिवाताच्या उपचारात या एका चाचणीइतका बदल फार थोड्या गोष्टींनी घडवला असेल. पुढे ‘लक्ष्य ठरवून उपचार’ हे धोरण जगभर स्वीकारले गेले ते अशाच पुराव्यांवर.

आता यात प्रतिमा घातली तर आणखी किती फायदा? ग्लासगोच्याच डॉक्टरांनी ‘टेसर’ या चाचणीत १११ नव्या रुग्णांवर हे पाहिले. एका गटाचे उपचार डॅस-२८ने ठरले, दुसऱ्यात त्याच्या जोडीला सोनोग्राफीचा कौल घेतला गेला. दीड वर्षानंतर रोगाची सरासरी तीव्रता आणि एमआरआयवरची हाडांची झीज या दोन्हींत अर्थपूर्ण फरक पडला नाही. २०१६ साली नॉर्वेची ‘आर्क्टिक’ चाचणी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली: ११ केंद्रे, २३०हून अधिक रुग्ण, सोनोग्राफीच्या गटात दर वेळी ३२ सांधे तपासायचे. लक्ष्य अवघड ठेवले होते: रोग शांत हवा, एकही सांधा सुजलेला नको आणि एक्स-रेवर नवी झीज नको. हे तिन्ही साधले सोनोग्राफीच्या गटात २२ टक्के, हाताच्या गटात १९ टक्के. हा फरक नगण्य ठरला, आणि सर्व रुग्णांवर पद्धतशीरपणे सोनोग्राफी करत राहणे या निष्कर्षांवरून समर्थनीय नाही, असे लेखकांनीच स्पष्ट लिहिले. राहता राहिली अस्थिमज्जेतली सूज. डेन्मार्कमध्ये ‘इमॅजिन-आरए’ या चाचणीत आधीच शांत असलेल्या २०० रुग्णांपैकी निम्म्यांचे औषध मज्जेतली सूज मावळेपर्यंत वाढवले गेले. दोन वर्षांनी रोग शांत असलेले रुग्ण एमआरआयच्या गटात ८५ टक्के, दुसऱ्यात ८८ टक्के. एक्स-रेवर झीज न वाढलेले ६६ आणि ६२ टक्के. पण गंभीर दुष्परिणाम झालेले रुग्ण एमआरआयच्या गटात १७ होते, दुसऱ्या गटात सहा. २०१९ साली हा निकाल प्रसिद्ध झाला तेव्हा लीड्सच्या पहिल्या निबंधाने उभ्या केलेल्या प्रश्नाचे उत्तर निदान एका अंगाने मिळाले होते. छुपा दाह खरा आहे; पण केवळ त्याच्या मागे लागून औषध वाढवत नेले तर रुग्णाच्या पदरात फारसे पडत नाही, आणि त्याची किंमत मात्र त्याच्या शरीराला मोजावी लागते.

यावर घेतले जाणारे आक्षेप वजनदार आहेत आणि त्यांना उत्तर देणे भाग आहे. पहिला असा की या चाचण्यांत हाताच्या गटाचे उपचारच इतके काटेकोर होते की प्रतिमेला सुधारणा करायला जागाच उरली नाही. हे बरोबर आहे, पण त्यातून माझ्याच म्हणण्याला बळ मिळते. वेळच्या वेळी बोलावणे, मोजणे आणि नियमाने औषध बदलणे एवढे नीट झाले तर यंत्राची भर नाममात्र पडते. जिथे हे होत नाही, तिथे आधी ते व्हायला हवे. दुसरा आक्षेप पावलांचा. डॅस-२८ पावले वगळतो, म्हणून हाताने तपासणे आंधळे, असे म्हटले जाते. दोष त्या २८च्या यादीत आहे, बोटांत नाही. नॉर्वेच्या चाचणीत पावले धरून ४४ सांधे हातानेच तपासले होते. तरीही सोनोग्राफी पुढे गेली नाही. तिसरा आक्षेप त्या बारा पट धोक्याचा. त्याचे उत्तर वेळेच्या हिशेबात असावे असे मला वाटते. ज्याच्या सांध्यात ठिपका आहे आणि रोग खरोखर उचल खाणार आहे, त्याचा सांधा पुढच्या एक-दोन भेटींत हातालाही सुजलेला लागतो आणि औषध तेव्हा वाढते. ज्याचा ठिपका निरुपद्रवी आहे त्याला जादा औषध मिळत नाही, एवढाच दोन पद्धतींतला फरक. चौथा आक्षेप मात्र मी मान्य करतो. चाचण्या सरासरीची भाषा बोलतात, आणि समोर बसलेला रुग्ण सरासरी नसतो. शिवाय डेन्मार्कच्या चाचणीत सगळे रुग्ण आधीच शांत होते, त्यामुळे तिथे प्रतिमेला औषध वाढवण्याखेरीज दुसरे काम दिलेलेच नव्हते.

प्रतिमा इतके जास्त का पाहते, याचाही उलगडा २०१६ साली नेदरलँड्समधल्या लायडन इथे झाला. तिथल्या संशोधकांनी सांध्यांची कोणतीही तक्रार नसलेल्या १९३ धडधाकट माणसांच्या हातापायांचा एमआरआय काढला. त्यांच्यापैकी ७० टक्क्यांच्या आसपास लोकांत दाहाची निदान एक खूण सापडली आणि वयाबरोबर या खुणा वाढत गेल्या. म्हणजे साठीच्या माणसाच्या मनगटात थोडासा पांढरा डाग असणे हे वयाचेही लक्षण असू शकते. तेव्हा ‘शून्य दाह’ हे लक्ष्यच अवास्तव होते. आजारी माणसाला निरोगी माणसाहून अधिक निरोगी करण्याचा तो प्रयत्न होता. निरोगी माणसांचे एवढ्या मोठ्या संख्येने एमआरआय काढण्याचे काम औषध ठरवण्याच्या चाचण्यांच्या आधी व्हायला हवे होते, असे आज वाटल्यावाचून राहत नाही.

मग प्रतिमेचे खरे स्थान कुठे? जिथे हात चाचपडतो तिथे. हाताला सूज लागते आहे की नाही असा संशय असेल, रक्ततपासणी काही सांगत नसेल, तेव्हा एक सोनोग्राफी निदान पक्के करू शकते. २०१० साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांनीही दाहाची खात्री करायला प्रतिमेचा आधार घेण्याची मुभा दिली. याच्या उलटची परिस्थिती त्याहून महत्त्वाची आहे. अनेक रुग्णांना संधिवाताबरोबर सर्वांगदुखीचा फायब्रोमायाल्जिया हा विकारही असतो. दाबाल तिथे दुखते, डॅस-२८ चढतो, आणि औषधांवर औषधे वाढत जातात. अशा रुग्णाच्या सांध्यात पॉवर डॉप्लरला एकही ठिपका नसेल तर ते चित्र त्याला नको असलेल्या इंजेक्शनांपासून वाचवते. इथे प्रतिमेचे काम औषध थांबवण्याचे आहे, आणि ‘आणखी दाह शोधा’च्या उत्साहात ते मागे पडले.

महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणमध्ये पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ साली घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. आरोग्यसेवकांनी दारोदारी प्रश्न विचारले, तज्ज्ञांनी सांधे तपासले, आणि प्रौढांत साधारण दोनशेत एकाला रुमॅटॉइड संधिवात असल्याचे दिसले. ते सगळे काम प्रश्नावली आणि हात यांच्या बळावर झाले. औषध ठरवताना हाताची तपासणी सोनोग्राफी आणि एमआरआयच्या तोडीची ठरते, हा नॉर्वे-डेन्मार्कचा निष्कर्ष भिगवणसारख्या गावांतल्या रुग्णांसाठी सगळ्यात मोलाचा आहे. पैसा आणि अंतर यांच्यामुळे त्यांचे उपचार कमअस्सल ठरण्याचे कारण नाही. सोनोग्राफीचे यंत्र मात्र इथे निराळ्या कारणाने अवघड आहे. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, १९९४ साली केंद्राचा कायदा आला आणि २००३च्या दुरुस्तीने त्याची पकड आणखी घट्ट झाली. लिंग ओळखू शकणारे यंत्र ज्या जागी असेल ती जागा नोंदणीकृत हवी, चालवणाऱ्याची पात्रता ठरलेली हवी. कायदा ज्या अन्यायावर बोट ठेवतो तो भयंकर आहे, त्यामुळे तो सैल करावा असे म्हणणे मला पटत नाही. पण त्याचा परिणाम असा की युरोपातला संधिवाततज्ज्ञ ज्या सहजतेने टेबलाशेजारचा प्रोब उचलून मनगटावर टेकवतो, तशी सहजता इथल्या डॉक्टरला नाही. संशयाच्या जागी सोनोग्राफी हवीच असेल तर आधी यंत्र, जागा आणि डॉक्टर या तिन्हींची कागदपत्रे पुरी व्हावी लागतात.

या इतिहासातले पुढचे पान पुन्हा लायडनचे आहे. तिथल्या डॉक्टरांनी आणखी आधीच्या टप्प्याकडे मोर्चा वळवला: सांधे दुखतात, हाताला सूज लागत नाही, पण एमआरआयवर दाह दिसतो, अशी माणसे. ‘ट्रीट अर्लिअर’ या चाचणीत अशा २३६ जणांपैकी निम्म्यांना एक स्टेरॉइडचे इंजेक्शन आणि वर्षभर मेथोट्रेक्सेट दिले, उरलेल्यांना औषधासारखे दिसणारे पण निष्क्रिय द्रव्य. निकाल २०२२ साली लॅन्सेटमध्ये आला. दोन वर्षांत उघड संधिवात जडलेले लोक औषधाच्या गटात १९ टक्के आणि दुसऱ्यात १८ टक्के. रोग टळला नाही. पण औषध घेतलेल्यांचे दुखणे कमी झाले, रोजची कामे सोपी झाली, एमआरआयवरचा दाहही उतरला, आणि औषध बंद केल्यानंतरच्या वर्षातही हा फरक टिकून राहिला. शांत रुग्णांच्या बाबतीत प्रतिमा पाहून वाढवलेल्या औषधाने जे साधले नव्हते, ते अजून रोगी न ठरलेल्या माणसांत थोडेसे साधले. कारण इथे प्रतिमेला जोड होती माणसाच्या दुखण्याची, त्याच्या तक्रारीची. यांच्यातल्या कोणाला वर्षभराचे औषध द्यावे आणि कोणाला नुसते पाहत राहावे, यावर लायडनमध्ये आणि इतरत्र काम चालू आहे.